सफाईवाल्याला माहीत होतं

आमच्या वहिनीशी भांडायची सोय नाही. घरात भांडखोर मी एकटीच. दादा म्हणजे कुणी पायावर पाय दिला तर स्वतःच सॉरी म्हणणारा. आणि वहिनी भांडतच नाही, ती विचारते. मी म्हणावं, "समोरच्या काकूंनी आज परत मला ऐकवलं, मुद्दाम," की ही चष्मा कपाळावर ढकलून म्हणणार, "मुद्दाम कशावरून? तू खिडकीत आहेस हे त्यांना माहीत होतं का?" आता माणसाने करावं काय? आधी काकूंचा राग आलेला असतो, मग हिचा येतो, आणि त्या गडबडीत काकू सुटून जातात.

पण खोटं कशाला बोलू. नवऱ्याचं घर सोडून मी इथे परत आले तेव्हा जिन्यात कुणी हसलं तरी मला वाटायचं, माझ्यावरच हसतायत. मी दार उघडायची नाही. तेव्हा ह्याच बाईने माझ्याशेजारी बसून एकेक मजला समजावला होता. तळमजल्यावरच्या आजोबांना तुझं काहीच माहीत नाही, त्यांना वाटतंय तू सुट्टीला आलीयेस. दुसऱ्या मजल्यावरचीला माहीत आहे, पण तिला वाटतं की आपल्याला माहीत आहे हे तुला कळलं तर तुला वाईट वाटेल, म्हणून ती तोंड चुकवते. आणि तसंच निघालं. दुसऱ्या मजल्यावरची आज माझी अगदी जवळची मैत्रीण आहे, तिच्या घरचे सगळे कपडे मीच आखूड-लांब करून देते. माझं कामच ते, कपडे दुरुस्त करायचं. पुढच्या खोलीत खिडकीपाशी माझं शिलाई मशीन, भिंतीकडे जेवणाच्या टेबलावर वहिनीचा लॅपटॉप, मध्ये इस्त्री. दिवसभर आम्ही दोघी एकमेकींच्या नजरेसमोर.

ती नक्की काय काम करते हे मला समजावताना तिला घाम फुटला होता. एकदा माझी कात्री सापडेना. मी खण उपसत होते. ती म्हणाली, "थांब, ह्यावरच सांगते. तू कात्री खणात ठेवलीस. मी ती दुधाची पिशवी कापायला स्वयंपाकघरात नेली. तू पाहिलं नाहीस. मग तू कुठे शोधणार?"

"खणात."

"का? कात्री तर स्वयंपाकघरात आहे."

"मला काय स्वप्न पडलंय?"

"हां. हेच कॉम्प्युटरला कळत नाही. त्याला कळलं की कात्री स्वयंपाकघरात आहे, म्हणजे झालं, जगाला कळलं. आमचा प्रोग्रॅम त्याला विचार करायला लावतो. कोणी काय पाहिलं, कोणी काय ऐकलं, त्यावरून कोणाला काय वाटत असणार. मग तुला काय वाटतंय ह्याबद्दल मला काय वाटतंय. आता समज, मी कात्री नेताना तुझ्या दादाने मला पाहिलं, पण ते मला माहीत नाही—"

"वहिनी," मी म्हटलं, "आधी कात्री दे."

हे वेड तिच्यात वडिलांमुळे आलं. त्यांना एका कानाने ऐकूच येत नव्हतं आणि दुसऱ्याने जेमतेम, पण कबूल करायचे नाहीत. कोणी काही बोललं की मान डोलवायची. हिच्या आईला वाटायचं, ऐकलं. वडिलांना वाटायचं, मला ऐकू आलं नाही हे हिला कळलंय, आता ही परत सांगेल. असा दोघांचा संसार, आणि मध्ये ही पोर, ह्या खोलीतून त्या खोलीत निरोप पोचवत. "लहानपणी मीच तो प्रोग्रॅम होते," असं ती हसून सांगायची.

तिच्या कंपनीला एका मोठ्या गोदामाचं काम मिळालं. तिथे चालकाशिवाय चालणाऱ्या गाड्या आहेत. बुटक्या, सपाट, पाठीवर मालाचे खोके घेऊन उंच कपाटांमधल्या गल्ल्यांतून पळणाऱ्या. त्याच गल्ल्यांत माणसंही जातात, सांडलेलं-फुटलेलं साफ करायला. प्रत्येकाच्या छातीवर बिल्ला, त्यावरून कोण कुठे आहे ते कळतं. गाडी निघायच्या आधी भोंगा वाजतो. वहिनीच्या प्रोग्रॅमने बघायचं ते एवढंच: गल्लीतल्या माणसाला गाडी सुरू असल्याचं माहीत आहे का? माहीत असेल तर तो बाजूला उभा राहील, गाडीला जाऊ द्या. नसेल तर गाडी थांबवा. मला तर ऐकून फार बरं वाटलं होतं. निदान यंत्र तरी समोरच्याचा विचार करणार.

आणि मग चार नंबरच्या गल्लीत गाडी सफाईवाल्या काकांच्या पायावरून गेली.

पाय राहिला, पण हाडाचा चुरा झाला. पुन्हा दिवसभर उभं राहून झाडू मारणं होणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. गोदामाचा नियम असा की अपघातात कामगाराची चूक नसेल तर त्याला बसून करायचं काम द्यायचं, दारावर येणाऱ्या-जाणाऱ्यांची नोंद ठेवायचं, निवृत्त होईपर्यंत. चूक त्याचीच असेल तर नारळ. काकांचं वय पन्नाशीचं, शिक्षण बेताचं, पाय असा. त्यांना दुसरीकडे कोण कामावर घेणार होतं?

आणि त्या क्षणाची नोंद वहिनीच्या प्रोग्रॅमने ठेवली होती. भोंगा वाजला, सफाईवाला गल्लीच्या तोंडाशी होता, म्हणून सफाईवाल्याला माहीत आहे की गाडी सुरू आहे. गोदामवाल्यांनी ती ओळ अलगद उचलली. माहीत असून आत गेला, मग दुसऱ्या कुणाची चूक? वहिनीच्या साहेबांचा फोन आला. चौकशी होणार आहे, तुम्ही येऊन एवढंच सांगा की प्रोग्रॅममध्ये बिघाड नव्हता.

"नव्हता ना बिघाड?" दादाने विचारलं. "मग सांगून मोकळी हो."

"बिघाड नव्हताच," वहिनी म्हणाली. "मी लिहिलं होतं तेच त्याने केलं. भोंगा वाजला की गल्लीतल्या सगळ्यांना कळलं, असं मी लिहिलंय. ऐकला का, ऐकून त्याचा अर्थ काय लावला, काही नाही. वाजला म्हणजे कळलं. ह्या कामात सगळेच तसं धरून चालतात, नाहीतर शक्यता इतक्या वाढतात की उत्तरच येत नाही." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "मी बहिऱ्या माणसाची मुलगी आहे गं. आणि मी हे लिहिलं."

 मी तिच्या पाठीवर हात ठेवला.

दुसऱ्या दिवशी ती दवाखान्यात जायला निघाली. मीही निघाले, कारण एकटी गेली असती तर दारातूनच परत आली असती. काकांची खाट खिडकीकडे होती. पाय वर टांगलेला, उशाशी बायको सफरचंदाच्या फोडी करत होती. वहिनीने ती कोण ते सांगितलं, तर काकाच ओशाळले. बसायला जागा कर म्हणाले बायकोला.

"काका, त्या दिवशी काय झालं ते मला सांगाल?"

"आता काय सांगायचं मॅडम. साहेबांनी विचारलं सगळं."

"मला सांगा. भोंगा ऐकला होता तुम्ही?"

"भोंग्याकडे कोण लक्ष देतो हो. तो दिवसभर बोंबलत असतो, ह्या गल्लीचा, त्या गल्लीचा. सगळं ऐकत बसलो तर काम कधी करणार? आम्ही वर बघतो. वर कठड्यापाशी देखरेखवाला उभा असतो. त्याने गाड्यांना गल्ली बंद केली की तो हात वर करतो. असा." त्यांनी पंजा उघडून हात डोक्यावर धरला. "हात दिसला की आत जायचं. आमचं वर्षानुवर्षं हेच चालतं."

वहिनीने डोळे मिटून घेतले. "मी तुमचं गोदाम बघायला आले होते," ती म्हणाली. "त्यांनी हात वर केलेला मी पाहिलाय. मला वाटलं, मला बघून करतायत. मी पण हात हलवला."

काका हसले. दुखत असतानाही हसले. "आठवतंय की. आठवडाभर आम्हाला तोच विषय. मॅडमनी पण गल्ली बंद केली म्हणून."

मलाही हसू आलं, आणि लगेच स्वतःचीच चीड आली. लोकांच्या मनात काय आहे ते शोधणारी ही बाई, तिच्या डोळ्यांसमोर त्यांचा खरा भोंगा वाजला होता, आणि तिने त्याला हात हलवून उत्तर दिलं होतं.

"मग त्या दिवशी हात दिसला होता तुम्हाला?" तिने विचारलं.

काकांचं हसू गेलं. "वाटलं होतं, दिसला. पहिल्या दिवशी मी तेच घोकत होतो, हिला विचारा." बायकोने मान हलवली. "पण देखरेखवाला म्हणतो, त्याने हात केलाच नाही. आणि साहेबांनी तुमच्या मशीनचा कागद वाचून दाखवला. त्यात आहे की मला माहीत होतं गाडी चालू आहे. अगदी वेळेसकट. तेव्हा म्हटलं, माझाच घोटाळा झाला असणार. हात दिसला तो भास. दुखण्यात माणूस काहीही बरळतो."

"काका, तुम्हाला काय माहीत होतं ते मशीनला नाही माहीत."

"असं कसं मॅडम? त्याचं कामच ते ना? साहेबांनी नीट समजावलं मला."

वहिनीने समजावायला सुरुवात केली. खण, कात्री, स्वयंपाकघर, सगळं. मशीन मन वाचत नाही, मी बसून एक नियम लिहिला आणि तो चुकीचा लिहिला. काका ऐकत होते, मान डोलवत होते. मला राहवेना. "काका, तुम्ही नुसती मान डोलवताय," मी म्हटलं. "पटलं का?"

"तुमचंच मशीन, तुम्हीच म्हणता चुकलं," ते शांतपणे म्हणाले. "साहेब म्हणतात बरोबर आहे. ह्यात मी काय बोलणार, ताई?"

बाहेर आल्यावर वहिनी म्हणाली, देखरेखवाल्याला भेटायचं. आम्ही पोचलो तेव्हा तो पाळी संपवून गोदामाच्या फाटकातून बाहेर पडत होता. आम्हाला बघून त्याने चाल वाढवली, पण वहिनी त्याच्यासोबत चालत राहिली. शेवटी सायकलींच्या आडोशाला थांबला.

"हाताचं सगळ्यांना माहीत आहे मॅडम," तो म्हणाला. "वरच्या साहेबांनाही. पण नियमात बसत नाही, म्हणून तोंडाने कोणी बोलत नाही. नियमात फक्त भोंगा."

"त्या दिवशी केला होता हात?"

तो सायकलीची घंटी पुसू लागला. "पाच नंबरसाठी केला होता. चारमधून बघितलं तर चारसाठीच केल्यासारखा दिसतो."

"मग एवढंच सांगा ना चौकशीत," मी म्हटलं. "एका माणसाचं आयुष्य आहे हो."

"मी बोललो तर हात सगळेच करतात असं सांगावं लागेल. आणि सगळे म्हणतील, आम्ही असलं काही करत नाही. मग हात करणारा मी एकटाच उरतो. मलाही घर आहे, ताई." आणि तो गेला. मी त्याला मागून चार शब्द सुनावले. वहिनीने मला गप्प बसायला सांगितलं नाही, म्हणजे तिलाही ते हवे होते.

घरी दादा म्हणाला, "हे सगळं तू तिथे बोललीस तर साहेब तुला ठेवतील का?" वाईट मनाने नव्हे, घाबरून म्हणाला. पण माझा पारा चढला. मी त्याला म्हटलं, तुझ्या बायकोने कुणाचा पाय घालवलाय, तुला नोकरीची पडलीये? म्हटल्यावर मला कळलं की ते दादाला नाही, वहिनीला लागलं. वहिनी उठून आत गेली आणि दार लावून बसली. मी दारापाशी जाऊन माफी मागितली. ती आतून म्हणाली, "खरं तेच बोललीस. जेवून घ्या तुम्ही दोघं."

चौकशी गोदामाच्या वरच्या खोलीत होती. अर्धी भिंत, वर काच, तीही नीट न लागणारी, त्यामुळे बाहेरच्या बाकावर सगळं ऐकू येत होतं. बाकावर मी आणि काकांची बायको. आत गोदामाचे साहेब, वहिनीचे साहेब आणि बाहेरून आलेल्या एक तपासनीस बाई. काकांना चाकांच्या खुर्चीतून आणलं होतं, देखरेखवाला आणि दोन कामगार भिंतीशी उभे होते.

वहिनी बोलली. मला वाटलं होतं अडखळेल, पण नाही. म्हणाली, प्रोग्रॅममध्ये बिघाड नाही, चूक आहे, आणि ती माझी आहे. 'माहीत आहे' हा शब्द मी वापरला, त्याचा अर्थ फक्त भोंगा वाजला एवढाच आहे. इथली माणसं भोंग्यावर चालत नाहीत, हातावर चालतात. मी तो हात स्वतः पाहिलाय. ती ओळ ह्या माणसाविरुद्ध वापरू नका.

तिच्या साहेबांनी घसा खाकरला. तपासनीस बाईंनी देखरेखवाल्याला विचारलं, "अशी हात वर करायची पद्धत आहे?"

"नाही," तो म्हणाला. खाली मान घालून.

आणखी दोघांना विचारलं. तेही नाही म्हणाले. गोदामाचे साहेब वहिनीकडे वळले. "तो हात पाहून तुम्हाला तेव्हा काय वाटलं होतं, मॅडम?"

"मला वाटलं, मला बघून करतायत."

"मग तसंच असेल," ते म्हणाले.

 मी काकांच्या बायकोचा हात धरला. "पहिल्या दिवशी ते काय म्हणत होते ते तुम्ही ऐकलंय. आत जाऊन सांगा." ती म्हणाली, "ते स्वतःच आता नाही म्हणतायत. मी त्यांना खोटं पाडू?"

तपासनीस बाई भल्या होत्या. त्यांनी कागद बाजूला सारला. काकांच्या जवळ खुर्ची ओढून म्हणाल्या, "मशीन काय म्हणतं ते सोडा. मॅडम काय म्हणतात तेही सोडा. आत पाऊल टाकलंत तेव्हा गाडी सुरू आहे हे तुम्हाला माहीत होतं?"

 काचेतून मला काका दिसत होते. ते खरंच आठवायचा प्रयत्न करत होते. कपाळाला आठ्या, डोळे बारीक केलेले. मी मनातल्या मनात म्हणत होते, हात म्हणा, काका, नुसतं हात म्हणा.

"आठवायला गेलं की हात दिसतो," ते म्हणाले, आणि वहिनी पुढे झुकली. "पण मग तो कागदही दिसतो. आधी काय होतं आणि नंतर काय भरलं, आता सांगता येत नाही, बाई. पण एवढे सगळे म्हणतायत, म्हणजे मला माहीत असणार. लिहा, माहीत होतं."

त्यांनी लिहिलं. कामगाराचं स्वतःचं म्हणणं आल्यावर बाकी कशाची गरज नाही, असं गोदामाचे साहेब म्हणाले, आणि तपासनीस बाईंना त्यावर काही करता आलं नाही. बसून करायचं काम गेलं. वहिनीला तिच्या साहेबांनी तिथेच सांगितलं की उद्यापासून हा प्रोग्रॅम दुसरं कोणीतरी बघेल. तिने ते ऐकलं की नाही, मला सांगता येणार नाही.

बाहेर आल्यावर काकांनी खुर्ची थांबवायला सांगितली. वहिनी भिंतीला टेकून उभी होती, रडून डोळे सुजले होते. त्यांनी तिचा हात हातात घेतला, बापाने लेकीचा घ्यावा तसा.

"मनाला लावून घेऊ नका, मॅडम. तुमच्या मशीनची काही चूक नाही. मला माहीतच होतं."

हे ते तिचं मन राखायला बोलत नव्हते. त्यांचा चेहरा अगदी मोकळा होता, कोडं सुटल्यावर होतो तसा. बायको खुर्ची ढकलत त्यांना उताराकडे घेऊन गेली.

"आता त्यांना खरंच तसं वाटतंय," वहिनी म्हणाली. "त्यांना हात दिसला होता, हे आता मला माहीत आहे, त्यांना नाही."